आकारी, बिनआकारी आणि आपण : रत्नागिरीच्या रानाचे मोजमाप कुणी केले?

रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या जंगलाचा अहवाल काढते. त्यात रत्नागिरीचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दाखवलेला असतो. हा आकडा आला की बातम्या छापून येतात, भाषणांत कोकणच्या हिरवाईचे कौतुक होते. पण याच जिल्ह्यात वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यातली जमीन दोन टक्केसुद्धा नाही, हे त्या भाषणांत कुणी सांगत नाही. मग हे एवढे जंगल आहे कुणाचे? आणि ते 'चांगल्या स्थितीत आहे' हा दाखला कोणी, कशाच्या आधारावर दिला?

आधी त्या आकड्याची व्याख्या पाहू. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, त्यावर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त, की झाले 'वनाच्छादन'. जमीन कुणाची, झाडे कोणती, ती आपोआप उगवली की कुणी लावली, याच्याशी त्या मोजणीला कर्तव्य नाही. म्हणजे हापूसची बाग वन, काजूची बाग वन, बांबूचे बेटही वन. उलट ज्या कातळसड्यावर एकही मोठे झाड नाही, पण पावसाळ्याचे चार महिने जगात दुसरीकडे न सापडणाऱ्या वनस्पती उगवतात, तो सडा या हिशेबात शून्य. केंद्राच्या दुसऱ्या एका नकाशासंग्रहात, म्हणजे पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये, खडकाळ उजाड जमीन हा वेगळा वर्गच आहे. एक खाते बागेला जंगल म्हणते, दुसरे खाते सड्याला ओसाड म्हणते. दोघेही वरून बघतात.

आम्ही गेली काही वर्षे जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत जमिनीच्या कागदांचे काम करतो. सातबारा काढणे, फेरफार वाचून दाखवणे, गावच्या नकाशावर वाडी कुठे बसते ते शोधणे, असे साधे काम. ते करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सरकारी दप्तरातल्या जमिनीच्या प्रत्येक वर्णनामागे जुने भांडण आहे, आणि त्या भांडणात आपला आजा-पणजा एक तर वेठीला होता, नाहीतर वेशीबाहेर. म्हणून सार्वजनिक जमिनीच्या पर्यावरणीय स्थितीचा प्रश्न आम्हाला आधी इतिहासाचा प्रश्न वाटतो.

'आकार' हा शब्दच घ्या. महसुली भाषेत आकार म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. इंग्रजांनी जमीन मोजली ती आकारणीसाठी. जिच्यातून सारा येईल ती आकारी. जिच्यातून येणार नाही ती बिनआकारी, पडीक, पोटखराब. आजही सातबाऱ्यावर पोटखराबाचा रकाना आहे. ओढा, कातळ, उतार, दरड, सगळे त्या एका रकान्यात. 'पोटखराब' हा ब्रह्मदेवाने दिलेला गुणधर्म नव्हे. नांगर चालत नाही आणि सारा मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. झरा कुठून फुटतो, गुरे कुठे चरतात, भारंगी-फोडशी कुठे मिळते, याची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती, कारण त्यावर सारा नव्हता. गेल्या दीडशे वर्षांत या जमिनीची आकारणी अनेकदा झाली, पण तिची तब्येत कुणी तपासली नाही.

आता रत्नागिरीत सरकारी जंगल इतके कमी का, ते पाहू. याचे उत्तर खोतीत आहे.

पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्यानंतर १८२० च्या दशकात इथला कलेक्टर डनलॉप याने सागावरचा सरकारी हक्क सोडून दिला आणि झाडे जमीनधारकांची मानली. झाड आपले म्हटले की लोक ते जपतील, असा त्यामागचा हिशेब. झाले उलटे. मुंबई वाढत होती, तिला इमारती लाकूड हवे होते, जळण हवे होते, आणि कोकणच्या खाड्यांतून गलबते थेट मुंबईला लागत होती. रान उतरले ते बाजारात गेले. १८८० मध्ये छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्ये जिल्हा जवळजवळ बोडका झाल्याचे वर्णन येते. पुढे १८७८ च्या वन कायद्याने सरकारने इतरत्र लाखो एकर जमीन 'राखीव' करून टाकली. पण इथे खोत हक्क सांगायला उभेच होते, आणि खोतांपुढे कंपनी सरकारनेही हात टेकले, राणीच्या सरकारनेही.

ही कुऱ्हाड कुणाच्या हातात होती आणि पैसा कुणाच्या पेटीत गेला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इतिहास लिहिणारे पहिल्याचे उत्तर देऊन थांबतात. झाड तोडणारा हात कुणब्याचा, महाराचा, कातकऱ्याचा असेल. पण तोडायचा हुकूम आणि विकायचा अधिकार खोताचा. खोत हा मुळात सारा गोळा करणारा मक्तेदार. पिढ्यानपिढ्या मक्ता चालवता चालवता तो गावाचा मालक होऊन बसला. कुळाकडून पिकाचा निम्मा नाहीतर तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल आणि तिर्धेल. वर वेठ. भातखाचर खोताच्या मर्जीवर, आणि डोंगरउतारावरची वरकस जमीनही खोताच्याच मर्जीवर. नाचणी-वरी त्या वरकसात पिकायची, भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर पालापाचोळा तिथूनच आणायचा. म्हणजे ज्याला आज 'गावचे रान' म्हणतात, ते वापरायला गरिबाला रोज कुणाचे तरी तोंड बघावे लागे.

गंमत अशी की राब हा पुढे वनखात्याच्या दृष्टीने गुन्हा ठरला. झाडांच्या फांद्या छाटून, पाने शेतात जाळून रोप करणारा शेतकरीच जंगलाचा वैरी आहे, असे गोऱ्या वनाधिकाऱ्यांचे मत होते. उत्तर कोकणात यावरून इतका असंतोष माजला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या तक्रारींसाठी सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याच्या दोन वर्षे आधी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. त्यात त्यांनी वनखात्यावर कोरडे ओढले ते याचसाठी. डोंगर, दऱ्या आणि गायराने सरकारने घशात घातली आणि गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. पर्यावरणाच्या प्रश्नावर जोतीराव नेमके कुठे उभे होते ते यावरून कळते. रानावर ज्यांचे पोट, त्यांच्या बाजूने.

खोतांच्या बाजूने कोण उभे होते, तेही लिहून ठेवले पाहिजे. १८६० च्या दशकात इंग्रजांनी रत्नागिरीत सर्व्हे सुरू केला तेव्हा खोतांनी त्याला कडाडून विरोध केला. मोजणी झाली की कुळाचे नाव कागदावर येणार, ही भीती. रावसाहेब मंडलिकांसारख्या विद्वानाने खोतांची वकिली केली. पुढे 'केसरी'नेही खोतांचीच बाजू लावून धरली, आणि टिळकांचे घराणे स्वतः खोताचे होते. १८८० च्या खोती कायद्याने खोताचे वर्चस्व कायद्यात बसवले. जमीन मोजायला विरोध करणारे लोक आणि मोजलेल्या जमिनीचे मालक ठरलेले लोक एकच होते, हे ध्यानात ठेवा. पुढे याचा उपयोग होईल.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. खोती त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला जिल्ह्याची परिषद भरली, तिथे ते खोतीविरुद्ध बोलले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई द्या, पण जमीन कसणाऱ्याला कायम हक्क द्या, असे ते विधेयक होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. काँग्रेसच्या सरकारने ते विधेयक पुढे जाऊ दिले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

कायद्याने खोत गेला, पण रानाचे काय झाले? ज्यांची नावे आधीच कागदावर होती, त्यांना कुळकायद्याचा लाभ झाला. ज्यांनी पिढ्यानपिढ्या वरकस कसली पण ज्यांचे नाव कुठेच नव्हते, ते तसेच राहिले. बौद्धवाडीतली माणसे गिरणीत गेली, गोदीत गेली, बोटीवर गेली. मागे राहिलेल्या वरकसात नाचणी बंद झाली आणि रान चढले. आज उपग्रहाला जी हिरवाई दिसते, तिच्यातला काही भाग हा आमच्या लोकांच्या स्थलांतराचा हिरवा रंग आहे. त्यानंतर १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. खड्डे, कलमे, खते, सगळ्याला अनुदान. चांगलीच योजना होती. पण फळबाग लावायला सातबारा लागतो. ज्याच्याकडे सातबारा, त्याचा डोंगर हापूस-काजूने भरला. ज्याच्याकडे नव्हता, तो त्याच डोंगरावर खड्डे मारायला रोजंदारीने गेला. आणि आता ती बाग वनाच्छादनाच्या टक्केवारीत धरली जाते.

कातळसड्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगावे लागेल. हे ठिकाण आपल्या कार्यकर्त्यांनाही नीट माहीत नसते, आणि गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या लढाया तिथेच झाल्या आहेत.

एप्रिल-मे महिन्यात सड्यावर गेलात तर 'ओसाड' हाच शब्द तोंडात येईल. काळा-तांबडा जांभा, पाय पोळतात, सावली नाही. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की तोच कातळ बदलतो. खळग्यांत पाणी साचते, त्यात देवभात म्हणजे रानभात उगवतो. पुढे गेंदाचे पांढरे गालिचे, सीतेची आसवे, दवबिंदू. यातली शेवटची दोन्ही कीटक खाणारी, कारण कातळावर माती नाही, मातीत अन्न नाही, मग झाडाने किड्यातून ते मिळवायला शिकून घेतले. दिपकाडीची एक जात कोकणच्या सड्यांपलीकडे जगात फारशी कुठे नाही, आणि ती अगदी रत्नागिरी शहरालगतच्या चंपक मैदानावरही उगवते. महिना-दोन महिन्यांत सगळे आटोपते. दसऱ्यानंतर गेलेल्या सर्वेक्षकाला गवत दिसते, मार्चमध्ये गेलेल्याला दगड. कोणत्या महिन्यात पाहिले, यावर सड्याची 'स्थिती' ठरते. सरकारी पाहणी बहुधा कोरड्या महिन्यांत होते, कारण तेव्हा गाडी वर जाते.

दुसरी गोष्ट आपल्या पोटापाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि खाली उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. त्या झऱ्यावर पऱ्या चालतो, पऱ्यावर बावी भरतात, आणि बावीवर वाडी जगते. वर चिरेखाण सुरू झाली, किंवा सुरुंग लावून कातळ फोडून कलमे लावली, की खालच्या झऱ्याचे गणित बदलते. खालच्या वाडीत कोण राहते? बहुतेक गावांत गावठाणाच्या जवळची, पाण्याच्या सोयीची जागा कुणाची आणि कडेची, उताराची जागा कुणाची, हे आम्ही सांगायला नको. झरा आटला तर टँकर आधी कुठे जातो, तेही नको.

याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणे गेली, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. त्यात बारसूही आहे. आणि त्याच बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा बायका उन्हात कातळावर झोपून आडव्या झाल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तेव्हाही प्रकल्पाच्या बाजूचा सगळ्यात मोठा दावा काय होता? ही जमीन ओसाड आहे, इथे काही पिकत नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा 'बिनआकारी' हा शेरा नव्या कंपनीच्या उपयोगी पडला.

इथे आपल्या चळवळीपुढचा खरा पेच येतो आणि तो टाळून चालणार नाही. 'पडीक जमीन' हा शब्द आपल्या चळवळीचाही आहे. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात बाबासाहेबांनी सरकारच्या मालकीची न कसलेली जमीन अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी राखून ठेवण्याची मागणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये, आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर, भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी हीच की सरकारी पडीक जमीन भूमिहीनाला द्या. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय हे त्या सत्याग्रहाचेच फळ. आता पर्यावरणवादी म्हणतात, पडीक म्हणजे पडीक नव्हे, ती मौल्यवान परिसंस्था आहे, तिथे नांगर घालू नका. मग आपण काय म्हणायचे? काही तरुण कार्यकर्ते रागाने म्हणतात, पोट भरलेल्यांनी आम्हाला फुलपाखरे शिकवू नयेत. राग खरा आहे. जंगल वाचवण्याच्या नावाखाली उठवले गेलेले लोक कोण असतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

तरीही आमचे मत असे. दादासाहेबांचा सत्याग्रह हा जमीन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या निर्णयात, याचा होता. 'पडीक' हा शब्द सरकारी दप्तराचा, तो आपण त्यांच्याच दप्तरातून उचलून त्यांच्यासमोर ठेवला, आणि ते डावपेचाने योग्यच होते. पण म्हणून त्या शब्दाची राखण करायची जबाबदारी आपल्यावर येत नाही. उद्या आपल्या वाडीला सड्याखालची जमीन मिळाली आणि वरचा सडा खाणीला गेला, तर त्या जमिनीत काय पिकणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितली. त्यानंतर महाराष्ट्रानेही १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला. त्या निकालाचा धाक दाखवून बौद्धवाड्यांना नोटिसा येतात. पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे, हे नोटीस देणारा सांगत नाही. तो निकाल मुळात वाचा. गावची सामाईक जमीन धनदांडग्यांनी बळकावली, ही त्यातली मुख्य तक्रार आहे.

सार्वजनिक म्हणजे कुणाचे, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. रत्नागिरीच्या सीमेला लागून असलेल्या महाडचे चवदार तळे कागदावर सार्वजनिकच होते. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. नगरपालिकेने पुढे तळे खुले केल्याचाही ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला ओंजळ भरल्यावर डोकी फुटली, आणि मग तळे खाजगी आहे असा दावा घेऊन स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांनी. त्या तळ्याची 'स्थिती' १९२६ मध्ये कुणी तपासली असती तर काय लिहिले असते? पाणी भरपूर, काठ बांधलेले, गुरेढोरे पितात, स्थिती उत्तम. म्हणून आमचा आग्रह आहे की कुठल्याही सार्वजनिक जागेच्या पाहणीत पाणी, माती, झाडे यांच्या बरोबरीने एक रकाना असावा : इथे कोण पोहोचू शकतो आणि कुणाला अडवले जाते.

अशी पाहणी कुणी केली नाही असे नाही. मार्च २०१० मध्ये केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे त्याच्याकडे खास सोपवले होते. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये तयार झाला, पण सरकारने तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई होऊन मे २०१२ मध्ये तो बाहेर आला. त्यात खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीवर जे लिहिले आहे ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. कारखान्यांत सुमारे ११ हजार लोकांना काम मिळाले, तर प्रदूषणाने दाभोळ खाडीतल्या सुमारे २० हजार लोकांचा मासेमारीचा धंदा बुडाल्याचे मच्छीमारांचे म्हणणे अहवालाने नोंदवले. आणि त्याहून बोलकी नोंद अशी की ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात तब्बल १९१ दिवस पोलीस कायद्याचे जमावबंदीचे आदेश लागू होते. खाडीतल्या पाण्याची तपासणी करायची तर प्रयोगशाळा लागते. पण ज्या जिल्ह्यात माणसांना एकत्र येऊन तक्रार करायची बंदी, तिथले पाणी कसे असेल ते सांगायला प्रयोगशाळा कशाला?

गाडगीळांनी म्हटले होते की संवेदनशील क्षेत्र कुठले ते ग्रामसभांत चर्चा करून ठरवा. सरकारने मग कस्तुरीरंगन समिती नेमली. तिने उपग्रहाच्या चित्रांवरून पश्चिम घाटाची 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' अशी वाटणी केली आणि सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. त्यावर अधिसूचनेचे मसुदे निघतात आणि मुदत संपून मरतात. सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. वरून बघायची सवय काही सुटत नाही. ज्यांनी १८६० च्या दशकात मोजणीला विरोध केला, त्यांच्या वारसांना आज वरून केलेल्या मोजणीचा त्रास नाही, कारण तिच्यात कुळाचे नाव येत नाही.

२२ जुलै २०२१. त्या दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले होते, सगळ्या देशाने ती दृश्ये पाहिली. त्याच दिवशी खेड तालुक्यात पोसरेच्या बौद्धवाडीवर दरड कोसळली आणि १७ माणसे गेली. शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गावात त्याहून कितीतरी जास्त. पाऊस अभूतपूर्व होता, हे खरे. पावसाला जात नसते. पण दरडीखाली कुणाची वाडी होती, हे ठरवणारा इतिहास पावसाहून जुना आहे. डोंगराच्या तब्येतीची पाहणी आपल्या लोकांच्या जगण्यामरण्याशी थेट जोडलेली आहे. उतारावर पडलेली भेग, मुळासकट कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा, ही लक्षणे सर्वात आधी वाडीतल्या माणसाला दिसतात. ती लिहून घेणारा रकाना मात्र तलाठ्याच्या दप्तरात नाही.

असा रकाना एका कायद्यात आहे. जैविक विविधता कायदा २००२ ने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असे सांगितले. २००४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे समितीत एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असले पाहिजेत. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आहे, त्यामुळे आपल्या पंचायतीला आज कोणती रचना लागू आहे ते लेखी विचारून घ्या. या नोंदवह्या वर्षानुवर्षे झाल्याच नव्हत्या. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि दंडाचा धाक घातला, तेव्हा घाईघाईने गावोगाव वह्या भरल्या गेल्या. आम्ही एका ग्रामपंचायतीत अशी वही मागितली. समितीच्या यादीत बौद्धवाडीतल्या एका बाईचे नाव होते. तिला आपण समितीवर आहोत हे माहीत नव्हते. वहीत गावात नसलेल्या झाडांची नावे होती आणि गावातला सडा नव्हता. बाहेरच्या कुणीतरी एक साचा भरून दिला होता.

मग त्याच बाईने आणि वाडीतल्या आणखी पाच-सहा जणींनी एका संध्याकाळी जे सांगितले ते आमच्या वहीची पंधरा पाने झाले. कुठल्या बावीचे पाणी पूर्वी मेपर्यंत पुरायचे आणि आता कधी आटते. टाकळा कुठे मुबलक आहे, शेवळे कुठून नाहीशी झाली. कुठल्या वर्षीच्या वणव्यानंतर करवंदाची जाळी गेली. पऱ्यातले मासे कारखान्याच्या आधी कोणते होते. गुरे कुठल्या वाटेने जायची आणि ती वाट कुणाच्या बागेच्या चिऱ्याच्या गडग्याने अडली. यात वनस्पतिशास्त्राची लॅटिन नावे नाहीत, ती एखाद्या महाविद्यालयातला शिक्षक नंतर लावून देईल. वर्ष, ठिकाण, बदल आणि कुणाला अडवले, हे सगळे त्यात आहे.

कागदाचे काम ज्यांना करायचे आहे त्यांनी सुरुवात गावच्या नकाशापासून करावी. गट क्रमांकासह सरकारी, गायरान, गुरचरण आणि सामाईक खात्याच्या जमिनी अलग काढा. सामाईक खात्यात कधी कधी पन्नास-साठ नावे निघतात आणि त्यातली निम्मी माणसे हयात नसतात, पण विक्री करायला दोन जण पुढे येतात. तेव्हा फेरफार नीट पाहा. सड्याची पाहणी जून ते सप्टेंबर या महिन्यांत, दर पंधरा दिवसांनी, तारखेसह फोटो काढून करा. झऱ्यांची पाहणी मार्चपासून सुरू करा. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन लेखी अर्ज द्या. एक, जैवविविधता नोंदवहीची प्रत आणि समितीच्या सदस्यांची यादी मागणारा. दुसरा, आपली वही तिला जोडण्याचा ठराव मागणारा. अर्जाची पोच घ्या आणि ठराव नाकारला तर नाकारल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या, सही झाल्याशिवाय उठू नका.